तुळशीच्या कुळातला चकवा

तुळस, पुदिना आणि सब्जा ही तीन नावे मराठी घराला नवी नाहीत. एक वृंदावनातली, दुसरी चटणीतली, तिसरी फालुद्यातली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही एकाच कुळातली भावंडे. याच कुळातल्या एका दूरच्या बहिणीने गेल्या तीसेक वर्षांत अनेक देशांची कायदेमंडळे, पोलीस आणि डॉक्टर यांना विचारात पाडले आहे. ‘साल्व्हिया डिव्हिनोरम’ हे तिचे शास्त्रीय नाव. दक्षिण मेक्सिकोतील वाहाका राज्याच्या डोंगराळ भागात ती वाढते. चौकोनी पोकळ खोड, मोठी हिरवी पाने, पांढरी फुले आणि त्या फुलांना जांभळट आवरण. बागेत लावली तर कुणी दुसऱ्यांदा वळूनही पाहणार नाही, इतके तिचे रूप साधे.

मात्र निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत तीव्र भ्रमकारक द्रव्यांपैकी एक याच पानांत दडलेले आहे. मिलिग्रॅमचा पाव ते अर्धा भाग, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे हे द्रव्य वाफेच्या रूपाने फुप्फुसात गेले, तर धडधाकट माणसाला आपण कोण आहोत, कुठे आहोत आणि मुळात माणूस तरी आहोत का, याचे भान काही मिनिटे राहत नाही. असे असूनही अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत या वनस्पतीचे नाव आजही नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची बरीच वर्षे तिची सुकी पाने आणि अर्क इंटरनेटवरून व चिलमी विकणाऱ्या दुकानांतून खुलेआम विकले जात होते. घेणाऱ्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. ‘बंदी नाही, म्हणजे बेतानेच चढत असणार’ असा त्यांचा साधा हिशेब होता. तो हिशेब का चुकत गेला, याचे उत्तर त्या पानांच्या मायभूमीत सापडते.

मेंढ्या राखणारी मारिया

वाहाकाच्या उत्तर भागात ‘सिएरा मासातेका’ नावाची पर्वतरांग आहे. वर्षातील बराच काळ धुक्यात गुरफटलेल्या या डोंगरांत मासातेक आदिवासी राहतात. साल्व्हियाला ते ‘मारिया पास्तोरा’ची पाने म्हणतात. पास्तोरा म्हणजे मेंढपाळ स्त्री, आपल्याकडची धनगरीण. गंमत अशी, की ख्रिस्ती परंपरेत मेरीमाता मेंढ्या राखताना कुठेच दिसत नाही. त्यामुळे स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या एखाद्या देवतेनेच नंतर मेरीचे नाव धारण केले असावे, असा तर्क संशोधकांनी केला आहे. आपल्याकडे ग्रामदेवतांची नावे बदलतात, ठाणे मात्र तेच राहते, तसाच हा प्रकार.

मासातेकांच्या दृष्टीने ही पाने म्हणजे औषध. अगदी थोडी पाने पोटाच्या तक्रारी, डोकेदुखी, सांधेदुखी यांवर दिली जातात. मोठी मात्रा घ्यायची ती प्रश्न विचारण्यासाठी. आजार कशामुळे झाला, हरवलेली वस्तू कुठे आहे, चोरी कुणी केली, अशा प्रश्नांची उत्तरे पास्तोरा देते अशी श्रद्धा आहे. त्यासाठी ताजी पाने जोडीजोडीने मोजून चावली जातात, किंवा ती पाण्यात कुस्करून रस प्यायला जातो. चव विलक्षण कडू. विधी रात्रीचा, अंधारात आणि शांततेत. पास्तोरा हळू आवाजात बोलते, गोंगाट झाला किंवा दिवा लागला की निघून जाते, असे मासातेक मानतात. शेजारी एक शुद्धीवरचे माणूस बसलेले असते. भगताचे शिक्षणही या पानांपासून सुरू होते. नंतर एका वेलीच्या बियांची पायरी येते आणि शेवटी भ्रमकारक अळंब्यांची. म्हणजे मासातेकांच्या लेखी पास्तोरा ही बाराखडी.

आणखी एक तपशील मराठी वाचकाला मौजेचा वाटेल. मासातेकांनी या वनस्पतीला एक कुटुंबही दिले आहे. साल्व्हिया ही त्यातली स्त्री. पुरुष, बाळ आणि धर्मपुत्र या नात्यांची जागा कोलियसच्या जातींकडे आहे. हा कोलियस म्हणजे आपल्याकडे बाल्कनीतल्या कुंड्यांत शोभेसाठी लावतात ते रंगीबेरंगी पानांचे झाड.

बाहेरच्या जगाने या पानांचा पहिला तपशीलवार अनुभव घेतला तो जुलै १९६१ मध्ये. गॉर्डन वॉसन हे न्यूयॉर्कमधील एका बड्या बँकेत उच्चपदावर राहिलेले गृहस्थ, पण त्यांचा जीव अळंब्यांत गुंतलेला. मासातेकांच्या अळंबीविधीवरचा त्यांचा लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात मे १९५७ मध्ये छापून आला होता. त्यानंतर वॉसन यांनी पानांकडे मोर्चा वळवला. आयाउत्ला गावात एका वैदू स्त्रीने हाताने पिळून दिलेला रस त्यांनी प्यायला. त्यांनी केलेली नोंद मोठी संयत आहे. परिणाम अळंब्यांपेक्षा लवकर सुरू झाला, पण त्यांच्याइतका व्यापक नव्हता आणि टिकलाही कमी वेळ. नाचणारे रंग दिसले, त्यापलीकडे फारसे काही घडले नाही.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, वॉसन यांच्यासोबत अल्बर्ट हॉफमन आणि त्यांच्या पत्नी अनिता याच डोंगरांत गेल्या. हॉफमन म्हणजे ‘एलएसडी’चा शोध लावणारे स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ. अनिता यांना रस प्यायल्यावर ठळक, उजळ कडांच्या आकृती दिसल्या. हॉफमन यांनी नंतर रस घेतला, तेव्हा मन अतिशय संवेदनशील झाल्याचे त्यांना जाणवले, भास मात्र झाले नाहीत. त्याच सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून कॅलिफोर्नियातील कार्ल एपलिंग आणि कार्लोस हातिवा यांनी वनस्पतीचे नामकरण केले. ‘डिव्हिनोरम’ या शब्दाचा रोख भविष्यकथनाकडे आहे. हॉफमन यांनी रस अल्कोहोलमध्ये टिकवून बाझेलला नेला, पण प्रयोगशाळेत तो निष्प्रभ ठरला. त्यातले क्रियाशील द्रव्य त्यांना वेगळे करता आले नाही.

हे अपयश या पानांच्या एका परीने पथ्यावरच पडले. ‘लाइफ’मधील लेखानंतर हुआउत्ला दे हिमेनेस या गावी अळंब्यांच्या शोधात परदेशी तरुणांची रीघ लागली. वॉसन यांना विधीत बसू देणारी भगतीण मारिया सबिना हिला गावकऱ्यांचा रोष पत्करावा लागला. तिचे घरही जाळले गेले. हिप्पींच्या त्या लाटेत पास्तोराच्या पानांकडे फारसे कुणी वळले नाही. कडू पाने चावत अंधारात बसायचे आणि हाती लागायचे ते थोडेसे रंग, यात त्या पिढीला रस नव्हता.

गिळले तर काही नाही

चित्र बदलले ते रसायनशास्त्रामुळे. १९८२ मध्ये मेक्सिकोतील आल्फ्रेदो ओर्तेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांतून ‘साल्व्हिनोरिन’ हे द्रव्य वेगळे केले. अमेरिकेतील लिअँडर वाल्देस यांनीही स्वतंत्रपणे तेच द्रव्य शोधून १९८४ मध्ये जाहीर केले. तरीही ते माणसावर नेमके कसे काम करते, हे आणखी दहा वर्षे उलगडले नव्हते.

कॅलिफोर्नियातील डॅनिएल सीबर्ट यांनी शुद्ध साल्व्हिनोरिन-ए वाफेच्या रूपात घेऊन पाहिले आणि त्या पहिल्याच प्रयोगात ते पार हादरून गेले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पहिली, हे द्रव्य गोळीत घालून गिळले तर काहीच होत नाही, कारण पचनसंस्थेत ते निकामी होते. मासातेक पाने गिळून न टाकता चावत का बसतात, याचा उलगडा येथे होतो. तोंडाच्या आतल्या त्वचेतून द्रव्य हळूहळू रक्तात उतरते. पाच-दहा मिनिटांनी परिणाम सुरू होतो, तासभर टिकतो आणि तेवढ्याच संथपणे ओसरतो. दुसरी गोष्ट, तेच द्रव्य फुप्फुसांतून गेले तर अर्ध्या मिनिटात मेंदूवर आदळते.

सगळा फरक आहे तो या दोन वाटांमध्ये. पहिल्या वाटेने जाणाऱ्याला थांबायला वेळ मिळतो. जास्त होत आहे असे वाटले, तर पाने थुंकून टाकता येतात. दुसऱ्या वाटेवर मधली पायरीच नाही. चिलीम खाली ठेवण्याआधी माणूस ‘गेलेला’ असतो. त्यात बाजारात मिळू लागला तो पानांचा अर्क सुक्या पानांवर चढवून केलेला माल. पाकिटांवर ‘पाचपट’, ‘दहापट’, ‘वीसपट’ असे आकडे. नवख्याला हे आकडे मसाल्याच्या तिखटपणासारखे वाटत. प्रत्यक्षात त्यांना कोणतेही प्रमाणीकरण नव्हते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पाच उत्पादनांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लेबलावरचा दावा आणि आतला माल यांचा मेळ बसला नाही, काहींमध्ये तर कॅफीनसारखी भेसळही आढळली. एका पाकिटाने काहीच झाले नाही म्हणून दुसऱ्यातून दुप्पट घेणारा किती मोठ्या फरकाशी खेळत होता, याची कल्पना यावरून येते.

मग पहिल्यांदा घेणाऱ्याला होते तरी काय? सीबर्ट यांनी जमा केलेल्या अनुभवांत काही धागे पुन:पुन्हा येतात. आपण माणूस नसून एखादी वस्तू झालो आहोत, असे वाटणे हा त्यातला सर्वांत विलक्षण. कुणी स्वत:ला टेबलाचा खण समजले, कुणी विजारीचा एक पाय, तर कुणी जत्रेतला मोठा पाळणा. जग पातळ पडद्यांचे किंवा कागदासारखे सपाट झाल्याचा भास होतो. आपल्याला कुणीतरी ओढते आहे, पिळते आहे, एका बाजूला खेचते आहे असे वाटते. लहानपणीचे घर किंवा अंगण समोर उभे राहते, एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असल्यासारखे वाटते. काहींना अनावर हसू फुटते. पाहणाऱ्याला ते मजेचे लक्षण वाटते. आत चाललेल्या गोंधळाचा बाहेर दिसणारा तेवढाच भाग तो, हे त्याला कळत नाही.

दारूत तोल जातो, भांगेत वेळ लांबतो, पण ‘मी काहीतरी घेतले आहे’ ही जाणीव बहुधा शिल्लक असते. साल्व्हियाच्या भरात तीच नाहीशी होते. आपण चिलीम ओढली होती, हे आठवत नाही. त्यामुळे ‘थोड्या वेळाने उतरेल’ हा दिलासा स्वत:ला देता येत नाही. कोकणात रानात चकवा लागतो म्हणतात, ओळखीची वाट समोर असून सापडत नाही. येथे तर वाट शोधणाराच हरवतो. पाच-दहा मिनिटांचा तो काळ अनेकांना अंतहीन वाटला आहे.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात याची पद्धतशीर तपासणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अवघे चार स्वयंसेवक होते, तेही अशा द्रव्यांचा पूर्वानुभव असलेले आणि वैद्यकीयदृष्ट्या पारखून घेतलेले. परिणाम दोन मिनिटांत शिखराला पोहोचला आणि सुमारे वीस मिनिटांत ओसरला. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांत लक्षणीय फरक पडला नाही. २०२० मध्ये त्याच विद्यापीठाने १२ जणांच्या मेंदूचे चित्रण केले. माणूस स्वत:विषयी विचार करत असतो तेव्हा जागे असणारे मेंदूतील जाळे या द्रव्याने विस्कळीत होते, असे त्यात दिसले. ‘मी’ हरवतो म्हणजे काय, याला त्यातून काहीसे शारीर उत्तर मिळाले.

अफूच्या घराचे दुसरे दार

एलएसडी, अळंब्यांतील सायलोसायबिन ही द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिनच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर काम करतात. साल्व्हियाही त्याच रांगेतली असणार, असे गृहीत होते. २००२ मध्ये ब्रायन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोडीत काढले. साल्व्हिनोरिन-ए सेरोटोनिनच्या त्या दाराकडे फिरकतही नाही. ते थेट ‘कॅप्पा’ नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. हा रिसेप्टर अफूशी संबंधित कुटुंबातला. शास्त्रज्ञांना याचे आश्चर्य वाटले, कारण या द्रव्याच्या रेणूत नायट्रोजनचा अणूच नाही. मॉर्फिनपासून निकोटिनपर्यंत मेंदूवर काम करणारी बहुतेक वनस्पतिजन्य द्रव्ये नायट्रोजनयुक्त असतात. हे द्रव्य त्या नियमाला अपवाद निघाले.

अफू आणि मॉर्फिन ज्या दाराने आत शिरतात त्याचे नाव ‘म्यू’. तेथे वेदना थांबते आणि सुख वाटते, म्हणून माणूस पुन्हा तिकडे वळतो. कॅप्पाच्या दारातही वेदना कमी होते, पण वाटते ती अस्वस्थता आणि उदासी. साल्व्हिया घेतलेल्यांपैकी अनेक जण दुसऱ्यांदा तिच्या वाटेला गेले नाहीत, याचे एक कारण येथे असावे. व्यसन लागण्याच्या नेहमीच्या अर्थाने ती फारशी व्यसनकारी नाही. मौजमजेचे साधन म्हणून विकल्या गेलेल्या या वनस्पतीत मौज अशी मुळात फारशी नव्हतीच.

तरीही ती विकली गेली. अमेरिकेच्या सरकारी पाहणीनुसार २००६ पर्यंत बारा वर्षांवरील सुमारे १८ लाख लोकांनी ती एकदा तरी घेतली होती. यूट्यूब नुकतेच आले होते आणि मित्राला साल्व्हिया ओढायला देऊन त्याची फजिती चित्रित करण्याचे खूळ पसरले. २०१० मध्ये सॅन डिएगोच्या संशोधकांनी या चित्रफितींचाच अभ्यास करून द्रव्याच्या परिणामांची नोंद घेतली. कोचावरून घसरणारी, भिंतीला धडकणारी, वाक्य अर्धवट सोडणारी मुले त्या फितींत दिसतात. कॅमेरा धरणारा हसत असतो. मासातेकांच्या विधीतही शेजारी एक माणूस बसतो, पण त्याचे काम निराळे असते.

‘मॉनिटरिंग द फ्यूचर’ या वार्षिक पाहणीत अमेरिकेतील बारावीच्या ५.९ टक्के विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये वर्षभरात साल्व्हिया घेतल्याचे सांगितले. २०१४ मध्ये हे प्रमाण १.८ टक्क्यांवर आले. यात कायद्याचा वाटा किती आणि स्वत:च्याच अनुभवाने शहाणे होण्याचा किती, हे आकड्यांवरून ठरवता येत नाही.

बंदीचा घोळ

पहिली देशव्यापी बंदी घातली ती ऑस्ट्रेलियाने, २००२ मध्ये. २००८ मध्ये जर्मनीने तोच मार्ग पत्करला, २०१६ मध्ये कॅनडाने. ब्रिटनने त्याच वर्षी निराळा उपाय योजला. एकेका पदार्थाचे नाव यादीत घालण्याऐवजी मनावर परिणाम करणाऱ्या सर्वच पदार्थांची विक्री एकत्रितपणे बेकायदा ठरवली आणि दारू, तंबाखू, कॉफी यांना सूट दिली. अमेरिकेत मात्र प्रश्न राज्यांवर सोपवला गेला. आज परिस्थिती अशी, की एका राज्यात दुकानातून घेतलेले पाकीट खिशात घालून शेजारच्या राज्यात जाणारा गुन्हेगार ठरू शकतो. शिक्षणासाठी तेथे जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

राज्यांच्या बंदीला वेग आला तो एका दु:खद घटनेमुळे. जानेवारी २००६ मध्ये डेलावेअर राज्यातील एका १७ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. त्याने इंटरनेटवरून साल्व्हिया मागवल्याचे आईवडिलांना आधीच कळले होते. ती कायदेशीर आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे मृत्यूच्या दाखल्यात साल्व्हिया हे साहाय्यभूत कारण म्हणून नोंदले गेले आणि त्याच वर्षी डेलावेअरने बंदी घातली. एका घटनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि या प्रकरणातही तो निर्विवाद मानला गेलेला नाही. पण ‘कायदेशीर आहे’ या दोन शब्दांनी आईवडिलांची शंका कशी थोपवून धरली जाते, हे त्यातून दिसले.

वैद्यकीय नोंदी पाहिल्या तर धोक्याचे स्वरूप नीट कळते. साल्व्हियाने थेट विषबाधा होऊन प्राण गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात सहसा आढळत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या विषबाधा केंद्राकडे दहा वर्षांत अवघी ३७ प्रकरणे आली. आकडा लहान दिसतो खरा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत नशा उतरलेली असते, हेही त्याचे कारण असू शकते. खरा धोका त्या दहा मिनिटांत शरीर कुठे आहे, याचा. गच्ची, जिना, रस्ता, स्वयंपाकघरातला पेटता गॅस, यांपैकी काहीही जवळ असले तरी पुरे, कारण माणूस बेशुद्ध पडत नाही, तो उठून चालू लागतो. दुसरा धोका मनाचा. स्वत:ला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर तो उफाळू शकतो. भ्रम ओसरायच्या वेळी न ओसरता दीर्घकाळ टिकल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत साल्व्हिया सापडत नाही. त्यामुळे काय घेतले हे सोबतच्या मित्रांनी डॉक्टरांना सांगितले नाही, तर निदान भरकटते. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे न सोडणे, दिवे आणि आवाज कमी करणे, धारदार वस्तू बाजूला करणे आणि तासाभरात माणूस भानावर न आल्यास थेट रुग्णालय गाठणे, एवढे सोबत्यांच्या हातात असते.

शंकराला वाहिलेले फूल

साल्व्हिया मेक्सिकोची, तिचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. पण कायद्याच्या कक्षेबाहेरची भ्रमकारक वनस्पती शोधायला महाराष्ट्रातल्या माणसाला कुठे जावे लागत नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर, रेल्वेरुळांच्या कडेला धोत्रा उगवतो. महाशिवरात्रीला त्याचे फूल आणि काटेरी फळ शंकराला वाहिले जाते. त्याच्यावर बंदी नाही आणि घालणे शक्यही नाही. भांगेचे गणित निराळे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली, पण शेंड्याविना असलेली नुसती पाने व्याख्येबाहेर ठेवली आणि त्यांचे नियमन राज्यांवर सोडले. धोत्र्याला मात्र असे काही नियमनही नाही.

साल्व्हिया आणि धोत्रा यांची गल्लत मात्र करू नये. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात. ती शरीराचे चलनवलनच बिघडवतात. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, नाडी धावू लागते, लघवी अडते. त्यानंतर येतो तो भ्रम नव्हे, वात. समोर नसलेल्या माणसांशी रुग्ण बोलतो, हवेतून काहीतरी वेचत राहतो आणि हे सारे त्याला खरेच वाटते. हा प्रकार वीस मिनिटांत आटोपत नाही. एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त चालतो आणि त्यात माणसे दगावतात. एका झाडाच्या बिया दुसऱ्या झाडाच्या बियांइतक्याच विषारी असतील याची खात्री नसते. म्हणून ‘मागच्या वेळी इतक्या घेतल्या होत्या’ हा अनुभव येथे निरुपयोगी. वाटसरूंना धोत्रा खाऊ घालून लुटण्याची जुनी रीत आपल्याकडच्या पोलीस दप्तरांना चांगली ठाऊक आहे.

अमेरिकेत या वनस्पतीला ‘जिम्सन वीड’ म्हणतात, आणि त्या नावामागेही एक पहिलाच अनुभव आहे. १६७६ मध्ये व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे बंड मोडायला आलेल्या इंग्रज सैनिकांनी कोवळी पाने भाजी समजून शिजवून खाल्ली. रॉबर्ट बेव्हर्ली यांनी १७०५ मध्ये लिहिलेल्या इतिहासानुसार पुढचे अकरा दिवस ते वेड्यासारखे वागत होते. त्यांना कोंडून ठेवावे लागले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीही आठवत नव्हते. जेम्सटाउनचे झाड ते जिम्सन.

साल्व्हियाकडे औषधशास्त्राचे लक्ष आता वेगळ्याच कारणाने लागले आहे. वेदना थांबवायची, पण अफूसारखे व्यसन लागू द्यायचे नाही, हे जुने स्वप्न. कॅप्पाच्या दारातून ते साधेल का, याचा शोध चालू आहे. याच रिसेप्टरवर काम करणारे नाल्फुराफिन हे औषध जपानने २००९ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांना होणाऱ्या असह्य खाजेसाठी मंजूर केले. अमेरिकेने २०२१ मध्ये त्याच त्रासासाठी डायफेलिकेफालिनला परवानगी दिली. त्याची घडण अशी, की ते मेंदूत सहसा पोहोचत नाही आणि म्हणून भासही होत नाहीत. ही दोन्ही औषधे साल्व्हियाच्या पानांतून आलेली नाहीत. साल्व्हिनोरिनच्या रेणूत फेरफार करून भ्रमाविना वेदनाशमन करणारे द्रव्य बनवण्याचे आणि कोकेनची ओढ कमी होते का हे प्राण्यांवर पाहण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांतून औषधाच्या दुकानापर्यंत अद्याप काही पोहोचलेले नाही. सिएरा मासातेकात मात्र पास्तोराचे रोप आजही बियांवाचून, ओल्या मातीत फांदी खोचूनच लावले जाते.